पान बदलता येतं का? बाइंडिंगच्या इतिहासातला एकच प्रश्न

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. ऐकताना हातात एखादी जुनी वही किंवा पुस्तक असेल तर जास्त मजा येईल.)

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढचा एपिसोड लावतील, हे मला माहीत आहे. विषय आहे बाइंडिंग. झेरॉक्सच्या दुकानात काउंटरवरचे काका मान वर न करता विचारतात ना, "स्पायरल की हार्ड?" तोच प्रश्न.

पण जरा थांबा. १९९८ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला होता. देशभर गाजलेलं जैन हवाला प्रकरण. १९९१ मध्ये सीबीआयनं टाकलेल्या छाप्यात काही वह्या, पॅड आणि फायली सापडल्या होत्या. त्यात रकमा होत्या, आद्याक्षरं होती, आणि त्या आद्याक्षरांमागे देशातले मोठमोठे राजकारणी आहेत असा आरोप होता. आता गंमत बघा. या खटल्यात न्यायमूर्तींना आधी एका साध्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं: स्पायरल बाइंडिंग केलेली वही हे "पुस्तक" आहे का? आणि फायलीत ठेवलेले सुटे कागद हे "पुस्तक" आहे का?

म्हणजे काकांचाच प्रश्न, फक्त सर्वोच्च न्यायालयात.

या निकालाकडे आपण परत येऊ. त्याआधी मी या विषयात कसा आलो ते सांगतो. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे आणि सध्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेलवर काम करतो. कुणी कधी कुठली नोंद बदलली, आधी काय होतं, नंतर काय झालं, याची न पुसता येणारी नोंद म्हणजे ऑडिट ट्रेल. हे काम करताना लक्षात आलं की हा प्रश्न कॉम्प्युटरच्या फार आधीचा आहे. माणसानं तो आधी दोऱ्यानं, खळीनं आणि पुठ्ठ्यानं सोडवला होता. बाइंडिंग म्हणजे फक्त कागद एकत्र ठेवणं नाही. मधलं एखादं पान काढून दुसरं घालता येतं का, आणि घातलं तर ते कळतं का, याचं उत्तर म्हणजे बाइंडिंग. डॉक्युमेंट "प्रोफेशनल दिसणं" ही त्याच्या खूप नंतरची गोष्ट.

शब्दातच गाठ आहे

आपल्या भाषेपासून सुरुवात करू. "ग्रंथ" हा शब्द संस्कृतातल्या ज्या धातूपासून येतो त्याचा अर्थच मुळी गुंफणं, गाठ मारणं. "सूत्र" म्हणजे दोरा. "निबंध" आणि "प्रबंध" या दोन्ही शब्दांत "बंध" बसलेला आहे. कॉलेजात तुम्ही जो शोधप्रबंध सादर करता, तो शब्दाच्या अर्थानंच "नीट बांधलेला" असायला हवा. निदान नावापुरता तरी!

पण आपल्याकडची मूळ बांधणी आजच्या पुस्तकासारखी नव्हती. पोथी आठवा. आडवी, लांबट, सुटी पानं. हा आकार आला ताडपत्रामुळे. ताडाचं पान लांब आणि अरुंद असतं, त्यामुळे लिहायची जागाही तशीच मिळाली. पानाला भोक पाडून त्यातून दोरी ओवायची, वर-खाली लाकडी फळ्या ठेवायच्या, दोरी गुंडाळायची. पुढे कागद आला, कागद हव्या त्या आकारात कापता येत होता, तरी पोथीनं आपला आडवा आकार सोडला नाही. दोरीचं भोक गेलं, पण पानं सुटीच राहिली. फळ्यांमध्ये ठेवून वरून कापड गुंडाळायचं, की झालं.

ही पद्धत मागासलेली होती असं समजू नका. पोथीचं पान सपाट पडतं, प्रवचन सांगणाऱ्याला दोन्ही हात मोकळे राहतात. एका पोथीची पानं वाटून घेऊन चार जण एकाच वेळी नक्कल करू शकतात. आजच्या भाषेत पॅरलल प्रोसेसिंग! एखादं पान खराब झालं तर तेवढंच नव्यानं लिहून घालता येतं.

आणि तिचा तोटाही नेमका हाच आहे. पान नव्यानं लिहून घालता येतं. मधे चार ओळी जास्त घातल्या तर बांधणी काहीच बोलत नाही. म्हणून जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणारे एका प्रतीवर विसंबत नाहीत. ते वेगवेगळ्या प्रती समोर ठेवून ताडून बघतात, अक्षराचं वळण बघतात, कागद बघतात, पानांचे आकडे बघतात. जो विश्वास बांधणीनं दिला नाही, तो माणसांना मेहनतीनं मिळवावा लागतो.

रुमालातला इतिहास

हीच गोष्ट आपल्या दफ्तरांची. पुण्याच्या अभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. तिथे कागद मोजायचं एकक आहे "रुमाल". सुटे कागद एकत्र करून कापडात बांधलेला गठ्ठा म्हणजे रुमाल. पत्रं, हिशेब, यादी, बरंचसं मोडी लिपीत. कारभाऱ्याच्या दृष्टीनं हे सोयीचं होतं. नवा कागद आला की गठ्ठ्यात ठेवला, लागला की काढला.

पण इतिहासकाराला लागतो संदर्भ. मी अमुक पत्राच्या आधारे हे म्हणतो, तर ते पत्र तुम्हालाही सापडलं पाहिजे. सुट्या कागदांच्या डोंगरात ते कसं सापडणार? १९३० च्या दशकात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्याआधी १८९८ पासून वि. का. राजवाडे यांनी "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" खंडाखंडानं छापायला सुरुवात केली होती. आपण या कामाकडे "छापलं" एवढंच म्हणून बघतो. माझ्या मते त्यात आणखी एक गोष्ट घडली. सुटा कागद बांधला गेला. त्याला खंड मिळाला, क्रमांक मिळाला, पान मिळालं. आता दोन अभ्यासक दोन गावांत बसून एकाच कागदावर भांडू शकत होते. आणि भांडण एकाच कागदावर असेल तरच त्यातून काही निघतं, नाही का?

शिवलेलं पुस्तक कुठून आलं

आता जरा लांब जाऊ, रोमन साम्राज्यात. तिथे पुस्तक म्हणजे गुंडाळी. मधलं काही वाचायचं तर अख्खी गुंडाळी उलगडायची. जुन्या कॅसेटसारखं, पुढे-मागे फिरवत बसा. हिशेब आणि टिपणं मात्र मेण लावलेल्या लाकडी पाट्यांवर लिहीत आणि अशा दोन-चार पाट्या कडेला एकत्र बांधत. त्याच कल्पनेतून दुमडलेल्या पानांचं पुस्तक तयार झालं, त्याला कोडेक्स म्हणतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन कवी मार्शल आपल्या वाचकांना सुचवतो की प्रवासात एका हातात मावणारी, चामड्याच्या पानांची माझी छोटी प्रत घ्या. म्हणजे "मोबाइल फ्रेंडली" ही जाहिरात तेव्हापासूनची आहे.

कोडेक्सची खरी युक्ती शिवणीत आहे. कागद मधोमध दुमडायचे, एकात एक घालायचे, की एक जुडी तयार होते. आपल्याकडच्या छापखान्यात तिला फर्मा म्हणतात. दोरा घडीच्या आतून जातो आणि शेजारच्या फर्म्यांना एकमेकांत अडकवतो. आता यातलं एक पान काढून बघा. ज्या कागदाचा ते अर्धा भाग आहे, त्याचा दुसरा अर्धा भाग पलीकडे सुटा होतो आणि लोंबायला लागतो. एका पानाची चोरी दुसऱ्या पानाला उघडी पाडते. इंजिनियर म्हणून मला हे डिझाइन फार आवडतं. पहारेकरी वेगळा ठेवलेला नाही, रचनाच पहारा देते.

१९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ जमिनीत पुरलेली काही जुनी पुस्तकं सापडली, चामड्याच्या कव्हरमध्ये बांधलेली. ती कधीची हे ठरवायला मदत कशानं केली? बाइंडिंगनं. कव्हर ताठ राहावं म्हणून बांधणाऱ्यानं आत रद्दी कागद चिकटवले होते, आणि त्या रद्दीतल्या काही कागदांवर इसवी सन ३४० च्या दशकातल्या तारखा होत्या. म्हणजे पुस्तक त्याच्या आधीचं असूच शकत नाही. रद्दीनं साक्ष दिली!

आपल्याकडे शिवलेलं पुस्तक फारसी-अरबी परंपरेतून आलं, आणि छापखाना १५५६ मध्ये गोव्यात उतरला. पण नवं तंत्र आलं म्हणून जुनी बांधणी लगेच जात नाही. १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापलं. छापील धर्मग्रंथ विटाळतात, शाईत चरबी असते, अशी शंका तेव्हा लोकांच्या मनात होती. म्हणून त्यांनी शाईत तूप वापरलं असं सांगितलं जातं. त्या शतकात मुंबई-पुण्यात शिळाप्रेसवर पोथ्या छापल्या गेल्या, आणि त्या कशा होत्या? आडव्या, सुट्या पानांच्या, हुबेहूब हाती लिहिलेल्या पोथीसारख्या. छपाई नवी, बांधणी जुनी. कारण वाचणाऱ्याला विश्वास ठेवायचा होता, आणि विश्वास त्या ओळखीच्या आकारात होता.

वही, नोंदणी आणि कायदा

आता पैशांकडे वळू, कारण बांधणीची खरी परीक्षा तिथे होते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला व्यापाऱ्यांकडे चोपडीची पूजा होते. लाल कापडाची, शिवलेली वही. पूजा सुट्या कागदांच्या गठ्ठ्याची होत नाही, हे लक्षात घ्या.

इंग्रजी अमलातल्या कायद्यांनी हीच समजूत कलमांत लिहिली. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३४ नुसार नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या पुस्तकांतल्या नोंदी पुरावा म्हणून विचारात घेता येत होत्या. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १६ तर अजून बारकाईनं बोलतं: नोंदणीच्या पुस्तकांची पानं ओळीनं, छापील आकड्यांची असावीत आणि पुस्तकात एकूण किती पानं आहेत ते अधिकाऱ्यानं पहिल्याच पानावर प्रमाणित करावं. आधी मोजणी, मग लेखन. आपण डेटा पाठवताना आकार आणि चेकसम आधी पाठवतो, त्याचाच हा मोठा भाऊ.

कंपनी कायदाही तसाच. १९५६ च्या कायद्यात सभेचं इतिवृत्त पुस्तकात लिहायचं, पानांना ओळीनं क्रमांक द्यायचे आणि कुठल्याही परिस्थितीत ते वेगळ्या कागदावर लिहून पुस्तकात चिकटवायचं नाही, असा नियम होता. चिकटवायचं नाही! कारण चिकटवलेला कागद कधी चिकटवला ते सांगता येत नाही. पुढे कॉम्प्युटर आले, लोक प्रिंट काढायला लागले. मग सुटी पानं चालतील, पण ठरावीक काळानं ती बांधून घ्या, अशी वाट काढली गेली.

आणि ती लाल फीत! "लाल फितीचा कारभार" असं आपण चिडून म्हणतो, पण ती फीत म्हणजे सरकारी कागदांचे गठ्ठे बांधायची खरीखुरी नाडी. कारभाराला शिवी पडली ती त्याच्या बाइंडिंगवरून.

सुंदर दिसतं, पण टिकतं का?

आता "प्रोफेशनल लूक"कडे येऊ. शिवणकाम मेहनतीचं आणि महाग. म्हणून माणसानं शॉर्टकट शोधला: डिंक. १८३६ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हॅनकॉक यानं रबरी बांधणीचं पेटंट घेतलं. पानांच्या घड्या कापून टाकायच्या, सगळी पानं सुटी करायची आणि पाठीला रबराचं द्रावण लावायचं. दोरा नाही, सुई नाही. पुस्तक मस्त सपाट उघडायचं. मोठ्या चित्रांची देखणी, भेट द्यायची पुस्तकं या पद्धतीनं बांधली गेली. मग काय झालं? काही वर्षांत रबर सुकलं, त्याचा भुगा झाला आणि पानं गळायला लागली. आज ती पुस्तकं ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्याकडे बऱ्याचदा सोनेरी कव्हर आहे आणि आत सुटी पानं. म्हणजे परत पोथी!

कल्पना मात्र बरोबर होती, चुकलं होतं ते रसायन. १९३० च्या दशकात जर्मनीत एमिल लुम्बेक यानं कृत्रिम डिंक वापरून ही पद्धत पुन्हा उभी केली, आणि पुढे गरम करून लावायचा गोंद मशीनवर आला. आज दुकानात ज्याला परफेक्ट बाइंडिंग म्हणतात ते हेच. तुमच्या कपाटातल्या बहुतेक पेपरबॅक कादंबऱ्या अशाच बांधलेल्या आहेत. स्पर्धा परीक्षेचं जाडजूड पुस्तक सहा महिन्यांत मधून दुभंगतं ना? तिथे दोरा नसतो, फक्त गोंद असतो, आणि तो कडक झाला की पाठ मोडते.

दिसणं आणि टिकणं यातला फरक सगळ्यात कठोरपणे दाखवला एका पुरानं. ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत आर्नो नदीला पूर आला आणि फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली हजारो जुनी पुस्तकं चिखलात गेली. जगभरातून पुस्तकं वाचवणारे कारागीर धावले. त्यांना काय दिसलं? भारी, सजवलेल्या, भरपूर खळ आणि गोंद वापरलेल्या बांधण्यांचे हाल झाले होते. आणि साधी, मऊ चर्मपत्राची कव्हरं, ज्यात गोंद जवळजवळ नव्हता, पानं नुसती शिवून कव्हरला अडकवली होती, ती पुस्तकं तुलनेनं सुखरूप निघाली. त्यातल्या ख्रिस्टोफर क्लार्कसन यांनी पुढे या साध्या बांधणीचा अभ्यासच केला आणि ती जुनी पुस्तकं जतन करायला नव्यानं वापरात आली. बांधताना ती स्वस्तातली बांधणी होती. पुरात तीच तरली.

स्पायरल, रिंग आणि "बदल करायची सोय"

गेल्या दीडशे वर्षांत उलट्या दिशेनंही शोध लागले. ऑफिसं वाढली, कागद वाढला, आणि लोकांना न बदलणारी वही नको होती. त्यांना हवी होती बदलता येणारी फाइल. १८८६ मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रीडरिश झोनेकन यानं भोकं पाडायचं यंत्र आणि ती पानं अडकवायची फाइल आणली. आज आपल्या पंचिंग मशीनच्या दोन भोकांमध्ये ८० मिलिमीटर अंतर असतं, ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. तुमच्या ऑफिसची फाइल आणि जर्मनीतल्या ऑफिसची फाइल एकमेकांचे कागद बिनतक्रार घेतात ते त्यामुळे.

विसाव्या शतकात स्पायरल आलं, दुहेरी तारेचं वायरो आलं, आणि प्लास्टिकच्या कंगव्यासारखं दिसणारं कोम्ब बाइंडिंग आलं. तिन्ही टेबलावर सपाट उघडतात. पण आपला प्रश्न लावून बघू: पान बदलता येतं का?

कोम्ब मशीनवर उघडतं, पान बदलतं, परत बंद होतं, मागे खूण राहत नाही. ते त्यासाठीच बनवलंय. स्पायरलचं टोक सरळ केलं की ती गोल फिरवत बाहेर निघते आणि नवी घालता येते. वायरोची तार एकदा उघडली की वाकडी होते, नवीच घालावी लागते. रिंग फाइलबद्दल तर बोलायलाच नको.

न्यायालयानं काय म्हटलं

आता परत १९९८ मध्ये. सीबीआय विरुद्ध व्ही. सी. शुक्ला. न्यायालयानं "पुस्तक" या शब्दाचा सरळ, रोजच्या वापरातला अर्थ घेतला: एकत्र बांधलेली पानं, ज्यांची मिळून एक वस्तू होते. त्या हिशेबानं स्पायरलच्या वह्या आणि स्पायरलचे पॅड पुस्तक ठरले. फायलींमधले सुटे कागद मात्र पुस्तक ठरले नाहीत, कारण सुटा कागद सहज काढता येतो आणि त्याच्या जागी दुसरा ठेवता येतो.

पुढचा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. बांधलेली वही आहे म्हणून आतलं सगळं खरं, असं न्यायालयानं म्हटलं नाही. नुसत्या नोंदींवरून कुणावर जबाबदारी टाकता येत नाही, स्वतंत्र पुरावा लागतो, असं सांगून सीबीआयचं अपील फेटाळलं गेलं. २०१७ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात सुट्या कागदांचा विषय आला तेव्हाही सर्वोच्च न्यायालयानं याच निकालाचा आधार घेतला.

स्पायरलची तार फिरवून काढता येते हे मी आत्ताच सांगितलं. मग ती वही पुस्तक कशी, असं तुम्ही विचाराल. मलाही तो प्रश्न पडतो. पण मला वाटतं, कायद्यानं इथे शंभर टक्के सुरक्षितता मागितलीच नाही. पानं एकत्र राहायच्या हेतूनं बांधली आहेत का, एवढं बघितलं. बांधणी म्हणजे एक वचन आहे: ही पानं एकत्र आहेत, या क्रमानं आहेत. वचन मोडता येतं, पण मग कुणीतरी ते मोडलं असं म्हणता येतं. सुट्या कागदांनी कुठलं वचनच दिलेलं नसतं.

मग आपण काय निवडायचं?

आता कामाचं बोलू. दुकानात जायच्या आधी तीन प्रश्न विचारा. पान बदलावं लागणार आहे का? सपाट उघडायला हवं का? आणि हे किती वर्षं टिकायला हवं?

ट्रेनिंगच्या नोट्स, मॅन्युअल, वर्कशॉपचं साहित्य: स्पायरल किंवा वायरो. वाचणारा एका हातानं टाइप करत असतो, दुसऱ्या हाताला पान सपाट हवं. इथे हार्ड बाइंडिंग म्हणजे निव्वळ दिखावा.

पातळ अहवाल किंवा पुस्तिका: मधोमध पिना मारलेली. फक्त लक्षात ठेवा, इथे कागद दुमडलेला असतो, म्हणून पानांची संख्या चारच्या पटीत लागते. ३० पानं असतील तर दोन कोरी धरून ३२ करा.

क्लायंटला द्यायचा जाड, देखणा रिपोर्ट: परफेक्ट बाइंडिंग. पाठीवर नाव छापता येतं, कपाटात उभा राहिला की ओळखू येतो. साधारण ८० जीएसएमच्या शंभर कागदांची जाडी एक सेंटीमीटरच्या आसपास होते. तुमच्या रिपोर्टची पाठ किती रुंद होईल हे डिझाइन करतानाच मोजा.

टेंडर: आधी अटी वाचा. अनेक मोठ्या निविदांमध्ये हार्ड बाउंड प्रत मागतात आणि तिची व्याख्याच देतात, की दोन कव्हरांमध्ये अशी बांधणी हवी जिच्यातलं एकही पान बांधणी बिघडवल्याशिवाय बदलता येणार नाही. पानांना क्रमांक, पानापानावर सही. बघा, १९०८ चा नोंदणी कायदा आजच्या पीडीएफच्या जमान्यातही बोलतोय. तिथे सुंदर वायरो नेलंत तर ते बिचारं अटीतच अडकेल.

आणि शोधप्रबंध. काळं किंवा मरून कव्हर, सोनेरी अक्षरं. विद्यापीठं डावीकडे दीड इंच समास सोडायला सांगतात. मला वाटायचं हा उगाच जुना नियम. पण बाइंडर काकांचं काम बघितलं की कळतं. आपण नेतो ती ए-४ ची सुटी पानं. त्यांना घडीच नसते, त्यामुळे फर्मा होत नाही आणि घडीतून शिवता येत नाही. मग काका पानांचा गठ्ठा ठोकून सरळ करतात, डाव्या कडेला दाभणानं भोकं पाडतात आणि दोरा वरून खाली आरपार ओवतात. त्या शिवणीत कडेची जागा जाते. तो दीड इंच म्हणजे दोऱ्याचा हक्काचा प्लॉट. म्हणूनच असा प्रबंध कधी पूर्ण सपाट उघडत नाही, पण एक पान गुपचूप बदलायचं म्हटलं तर अख्खी शिवण उसवावी लागते. परीक्षकाला हवं असतं ते हेच. पुठ्ठा चिकटवायला मैद्याची खळ, आणि कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. सोनेरी अक्षरं सगळ्यात शेवटी येतात, आणि सगळ्यात कमी महत्त्वाची असतात.

स्क्रीनवरचा दोरा

शेवटी माझ्या कामाबद्दल थोडंसं. २००० च्या आयटी कायद्यानं पुरावा कायद्याच्या त्याच कलम ३४ मध्ये इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकंही आणली. पण स्क्रीनवर पुठ्ठा नाही, दोरा नाही. तिथे प्रत्येक नोंद पोथीचं सुटं पान असते. बदला, सेव्ह करा, खूण नाही. म्हणून १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीचा झाला, आणि तो बंद करता येता कामा नये अशी अट आली. बरेच जण याला किरकोळ फीचर समजतात. मी याला शिवण म्हणतो. चोपडीतला दोरा निघून गेला होता, तो आपण कोडमध्ये परत ओवतोय.

जाता जाता एक कळकळीची विनंती. घरात आजोबा-पणजोबांची पोथी, मोडी कागद, जुनी खरेदीखतं, हिशेबाच्या वह्या असतील, तर त्यांना "व्यवस्थित" करण्याच्या नादात पंच मारू नका, स्पायरल करू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. लॅमिनेशन परत निघत नाही, आणि भोक पडलं की अक्षर गेलं. फोटो काढून ठेवा, पानांचा आहे तो क्रम एका वेगळ्या कागदावर लिहा, आणि स्वच्छ, कोऱ्या सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा. रुमालच करा त्यांचा. आपल्या पूर्वजांनी दोनशे वर्षं तसंच सांभाळलंय.

तुमच्या घरात असा एखादा रुमाल किंवा लाल चोपडी असेल तर मला नक्की कळवा, तिची बांधणी कशी आहे तेही सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. नमस्कार!